दुर्बिणीआधी काठी

आकाश समजून घ्यायला लगेच दुर्बीण घेण्याची घाई करू नका. पहिले वर्षभर धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) रोवलेली एक मीटरची सरळ काठी तुम्हाला पुरेल. ती गवंड्याच्या ओळंब्याने उभी करा, कारण ओळंब्याची दोरी गुरुत्वाकर्षणामुळे जवळजवळ पृथ्वीच्या केंद्राकडेच ताणली जाते आणि काठी किंचित कलली तरी सावलीचे माप चुकते.

सकाळी पश्चिमेला पडणारी सावली संध्याकाळी पूर्वेला सरकते, ती पृथ्वी स्वतःभोवती फिरते म्हणून. दिवस-रात्रीसाठी एवढे पुरे. ऋतूंकडे मात्र सावकाश पाहा. नवख्यांचा (एके काळी माझाही) समज असतो की उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ जाते. प्रत्यक्षात ती जानेवारीच्या सुरुवातीला, आपण खानदेशात शेकोटीपाशी बसलेलो असतो तेव्हा, सर्वांत जवळ, म्हणजे सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते. ऋतू होतात ते अक्षाच्या साडेतेवीस अंशांच्या कलामुळे. जळगाव सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने २२ डिसेंबरच्या माध्यान्ही सावली जवळपास काठीएवढीच लांब भरते, तर २५ मेच्या आसपास, घड्याळात १२ वाजून २५ मिनिटांच्या सुमारास, सूर्य थेट डोक्यावर येऊन ती काठीच्या बुडाशीच नाहीशी होते. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा बहुधा ढग असतात. त्यामुळे मे चुकवू नका, आणि धाबे तापलेले असेल, तेव्हा चपला घालूनच वर जा.