घरी कंबोडियन जेवण शिकायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की कंबोडियातल्या सिएम रीपला आठवडाभर राहून आलात, तिथे अमोक (केळीच्या पानात वाफवलेला माशाचा पदार्थ) फार आवडलं आणि आता पुण्यात घरी करून बघायचंय. सुरुवात अमोकनेच करू का, आणि बाजारात मिळणारी थाई करी पेस्ट चालेल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. माझ्या मते दोन्हींचं उत्तर 'नको' असं आहे. का ते सांगते.

मी कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हमध्ये, चार वर्षं राहिले. नवऱ्याची नोकरी तिथल्या एका कपड्याच्या कारखान्यात होती. आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो, खाली घरमालकीण. त्यांना मी 'मिंग' म्हणायचे; मावशी-काकूच्या वयाच्या बाईला ख्मेर, म्हणजे कंबोडियाच्या, भाषेत अशीच हाक मारतात. त्यांचं स्वयंपाकघर मागच्या अंगणात अर्धं उघड्यावर होतं आणि रोज सकाळी तिथून दगडी खलाचा आवाज यायचा. तो ऐकतच मी एक दिवस खाली जाऊन बसले. पुढचे तीन आठवडे मिंगनी मला चुलीजवळ येऊ दिलं नाही. गवती चहा चिरायचा आणि कुटायचा, एवढंच काम.

मी जे कुटत होते त्याला 'क्रुअंग' म्हणतात. आपल्याकडे वाटण जसं, तसंच. ख्मेर जेवणातले कितीतरी पदार्थ यावर उभे असतात, म्हणून शिकायची पहिली गोष्ट हीच. गंमत अशी की गवती चहा आपल्या दारात असूनही आपण त्याचा उलटा भाग वापरतो. आपण पात कापून चहात घालतो आणि बुडखा जमिनीत राहू देतो. क्रुअंगला खालचा पांढरा, जाड बुडखाच लागतो. आपल्या ठोंबाची पात सारखी कापली जाते, म्हणून बुडखे बारीक राहतात. एक ठोंब तीन-चार महिने अजिबात कापू नका, पाणी भरपूर द्या, मग अंगठ्याएवढे दांडे मिळतात. मी ठाण्यात गॅलरीतल्या कुंडीत असेच वाढवते. मंडईत घ्यायचा तर पातीची जुडी नको, बुडख्यासकट द्या म्हणून सांगा.

चार माणसांच्या हिरव्या क्रुअंगसाठी: सहा बुडखे, इंचभर ताजं कुलिंजन (गलंगल), इंचभर ओली हळद, सात-आठ लसूण पाकळ्या, तीन छोटे कांदे आणि मकरूट लिंबाची चार-पाच पानं, मधली शीर काढून. या लिंबाला बाजारात काफीर लाइम म्हणतात. पानं नाहीच मिळाली तर आपल्या कागदी लिंबाची कोवळी पानं घ्या, वास थोडा वेगळा पण त्याच घराण्यातला. कुलिंजनाऐवजी आलं मात्र घालू नका. दिसायला भावंडं असली तरी आल्याचा तिखटपणा सगळ्यावर चढून बसतो. काष्ठौषधीच्या दुकानातलं सुकं कुलिंजन रात्रभर भिजवून थोडंसं वापरता येतं, पण ताजं मिळालं तर त्याला तोड नाही.

बुडखे आडवे, कागदासारखे पातळ चिरा. धागा उभा असतो. आडवा कापला नाही तर कितीही वाटा, तोंडात गवत येणार. मग चिमूटभर मीठ घालून आधी तेच कुटा, मग पानं, कुलिंजन आणि हळद, शेवटी लसूण-कांदा. कठीण आधी, रसाळ नंतर. हा क्रम मोडला तर लसणाच्या रसात बाकीचं नुसतं घसरत राहतं. मी सुरुवातीला घाईने मिक्सरमध्ये पाणी घालून वाटलं होतं. मिंगनी बोटाने चाखलं, वाटी बाजूला ठेवली आणि नवे बुडखे माझ्यासमोर मांडले. वाटणात पाणी पडलं की ते तेलात परतलं जात नाही, उकडतं, आणि वास उठत नाही. मिक्सर वापरायचाच असेल तर पाण्याऐवजी दोन चमचे तेल घाला.

आता थाई पेस्ट का नको, तर तिच्यात मिरची पुढे असते आणि जिरं-धण्यासारखे सुके मसालेही असतात. क्रुअंगमध्ये वनस्पतींचा ओला सुगंध पुढे असतो आणि तिखट बहुतेक वेळा ताटात वेगळं येतं, ज्याला हवं तो घेईल. ख्मेर जेवणाला 'कमी तिखट थाई' म्हटलेलं तिथल्या लोकांना लागतं, आणि मला वाटतं, लागायलाच हवं.

दुसरी पायरी प्रहोक. खारवून, आंबवून, मुरवलेल्या माशांचा हा लगदा. तोन्ले साप हे तिथलं मोठं तळं. पावसाळ्यात मेकाँगला पूर आला की तळ्यातून निघणारी नदी उलटी वाहू लागते आणि तळं चार-पाच पट पसरतं. पाणी उतरताना मासळी लोटते, ती वर्षभर टिकवायची म्हणून प्रहोक. मी रत्नागिरीची, सुकटीच्या वासात वाढलेली, तरी पहिल्यांदा बरणी उघडल्यावर मागे सरले होते. पण चमचाभर प्रहोक गरम तेलात क्रुअंगबरोबर पडलं की तो वास विरतो आणि मागे खोल, खमंग चव उरते. सुकटीचं कालवण खाणाऱ्याला हे समजवायला लागणार नाही. इथे प्रहोक मिळालं नाही तर फिश सॉस आणि त्यात खारवलेल्या अँकोव्हीचे एक-दोन तुकडे चुरडून घाला. शाकाहारी असाल तर मीठ, थोडा सोया सॉस आणि भाजलेले मशरूम. चव वेगळी होईल, पण क्रुअंग तुम्हाला सांभाळून घेईल.

पहिला पदार्थ म्हणून मी 'सम्लॉ मचू क्रुअंग' सुचवेन. सम्लॉ म्हणजे रश्शाचा पदार्थ, मचू म्हणजे आंबट. तिथे बहुधा गोमांस किंवा डुकराच्या बरगड्या घालतात. तुम्ही अर्धा किलो हाडासकट चिकन घ्या. दोन चमचे तेलात चार मोठे चमचे क्रुअंग मंद आचेवर पाच मिनिटं परता, चमचाभर प्रहोक घाला, चिकन परता, दीड लिटर पाणी घालून शिजू द्या. मग चिंचेचा कोळ, फिश सॉस आणि थोडा ताडगूळ. तिथे ताडाचीच साखर वापरतात, म्हणून आपला ताडगूळ अगदी नेमका बसतो. शेवटी नाळीची भाजी, देठांसकट, आणि लगेच गॅस बंद. नाळ तिकडे 'त्रकुअन' नावाने सर्रास खातात. आपल्याकडे तळ्याकाठच्या गावांत मिळते, नाही तर पालक घ्या. फोडणी नाही, कांदा लाल करणं नाही, गरम मसाला नाही. आपला हात सवयीने तिकडे जातो, तो आवरा.

तो जमला की 'सम्लॉ कॉको' करा. यात कच्ची पपई, लाल भोपळा, कच्चं केळं, वांगी, शेवग्याचा पाला, सगळं आपल्या ओळखीचं. दाटपणा येतो तो भाजलेल्या तांदळाच्या पिठाने: तीन चमचे तांदूळ कोरडेच बदामी होईपर्यंत भाजा आणि भरड दळा. या एका पिठाने रश्श्याला जो धुरकट, भाकरीसारखा वास येतो, तो मला आजही नॉम पेन्हला घेऊन जातो.

मापं मी दिलीत खरी, पण मिंगकडे एकही माप नव्हतं. त्या प्रत्येक टप्प्यावर चाखायच्या आणि मलाही चाखायला लावायच्या: आंबट पुढे आहे का, खारट मागे राहिलंय का, गोड फक्त कडा मोडण्यापुरतं आहे ना. यामागे एक दुखरी गोष्टही आहे. १७ एप्रिल १९७५ ला ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेने नॉम पेन्ह ताब्यात घेतलं आणि अख्खं शहर रिकामं केलं. पुढे घरोघरच्या चुली बंद झाल्या, भांडी काढून घेतली, सगळ्यांनी सामूहिक खानावळीत पाण्यासारखी पेज प्यायची. १९७९ च्या जानेवारीत ती राजवट पडेपर्यंत पंधरा ते वीस लाख माणसं मेली होती. त्यांच्याबरोबर किती आज्यांचे हात गेले असतील! मिंग तेव्हा लहान होत्या. आईकडून जे शिकल्या ते नंतर, आणि सगळं जिभेवरून. म्हणून तुम्हालाही सांगते, कृती वाचा पण चमचा हातात ठेवा.

मध्येच एक सांगायचं राहिलं. शाळेत मुळाक्षरांत ञ शिकलो, पण त्याचा शब्द कधी भेटला नाही. ख्मेर लिपी दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीतून आलेली, अक्षरांचा क्रमही आपल्यासारखाच, आणि तिथे ञ रोज तोंडात असतो: 'ञाम बाय', म्हणजे जेवणे, शब्दशः भात खाणे. मिंग जिन्याखालून रोज तीच हाक द्यायच्या.

आता अमोक. महिन्याभराने, क्रुअंग हाताला बसल्यावर करा. यासाठी लाल क्रुअंग लागतं: वरच्याच वाटणात भिजवलेल्या सुक्या मिरच्या, रंगासाठी. ब्याडगी उत्तम. मासा सुरमई-पापलेट नको. ते गोड्या पाण्याच्या माशांचं जेवण आहे आणि त्यातला एक लाडका मासा म्हणजे आपली मरळ. पुण्यात नदीचे मासे विकणाऱ्याकडे मिळते. अर्धा किलो मरळीचे काटे काढलेले तुकडे, तीन मोठे चमचे क्रुअंग, वाटीभर नारळाचा दाट रस, एक अंडं, फिश सॉस, थोडा ताडगूळ. एका दिशेने ढवळत राहा, मिश्रण दाटसर, चिकट होतं. तिथे तळाला नोनीची पानं घालतात; मी पालकाची घालते. केळीच्या पानाचे द्रोण करून मोदकपात्रात वीस-पंचवीस मिनिटं वाफवा, वरून दाट रसाचा एक चमचा आणि लिंबाच्या पानाचे केसासारखे काप. कापल्यावर ते मऊ खरवसासारखं थरथरायला हवं. पाणी सुटलं तर आच मोठी होती. पुढच्या वेळी कमी ठेवा.

क्रुअंग जास्तच करून ठेवा. चमच्या-चमच्याचे गोळे फ्रीजरमध्ये दोन महिने छान राहतात.