पितळी तांब्यापासून सुरुवात कर

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. नववीत चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला 'ए' ग्रेड, मग कॉमर्स, मग सहकारी बँकेतली नोकरी, आणि आता 32व्या वर्षी बी.एफ.ए.ला, म्हणजे चित्रकलेच्या पदवीला, प्रवेश घ्यावा का, हा प्रश्न. शेवटी तू विचारलं आहेस, 'माझा हात अजून शिल्लक आहे का?' हात कुठेही जात नाही. तो गंजतो. हा गंज प्रवेश घेण्याआधी घरीच काढायचा असतो. पहिल्या वर्षाला सबमिशनं इतकी असतात की गंजलेला हात नुसती चित्रं पूर्ण करत सुटतो आणि शिकायचं राहून जातं. म्हणून माझं म्हणणं असं, की आधी सहा महिने घरी काम कर आणि अर्जाचं मग बघ.

सहा महिने म्हणजे किती? आठवड्यातले पाच दिवस सकाळी पाऊण तास आणि रविवारी सलग तीन तास. याहून जास्त ठरवू नकोस. नोकरी आणि घर सांभाळून रोज दोन तास ठरवलेले लोक दुसऱ्या आठवड्यातच थांबतात. पाऊण तास मात्र टिकतो, अट एवढीच की सामान मांडलेलं असावं. बोर्ड, क्लिपा, पेन्सिली काढा, पुन्हा आवरा, यातच पंधरा मिनिटं जातात. घरात तीन बाय चार फुटांचा एक कोपरा असा ठरव, की तिथलं सामान कुणी हलवणार नाही. पाहुणे आले तरी नाही.

पहिले सहा आठवडे रंग उघडायचाच नाही. फक्त पेन्सिल आणि एक वस्तू. घरातला पितळेचा तांब्या घे. प्लास्टिकची बाटली किंवा कॉफीचा मग चालणार नाही. तांब्याला तोंड आहे, गळा आहे, पोट आहे, बूड आहे, आणि वस्तुचित्रात चुकतं ते सगळं या चार ठिकाणीच चुकतं.

तांब्या स्टुलावर ठेव आणि साधारण चार फुटांवर अशी बस, की तुझा डोळा तांब्याच्या तोंडापेक्षा फूटभर वर येईल. बोर्ड मांडीवर आडवा ठेवू नकोस, जवळजवळ उभा धर. कॉलेजात डाँकीवर, म्हणजे समोर बोर्ड उभा टेकवता येणाऱ्या बाकावर, बसवतात ते याचसाठी. कागद आडवा असला की त्याची वरची बाजू डोळ्यापासून लांब जाते आणि आपल्याला आखूड दिसते. ती भरून काढायला हात नकळत वरचा भाग ताणतो. चित्र उभं करून पाहिलं की तांब्याची मान उंटासारखी झालेली असते. अनेकजण याला प्रमाणाची चूक समजून महिनोन्महिने प्रमाण घोटत बसतात. चूक बसण्यात असते.

आता माप. हात कोपरात ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिल उभी. तांब्याची रुंदी पेन्सिलीवर अंगठ्यानं पकड आणि ती उंचीत किती वेळा बसते ते बघ. कोपर जरा वाकलं तरी माप बदलतं, म्हणून ताठ. कागदावर आधी चार टोकांच्या चार खुणा कर, मग मधोमध उभा अक्ष. तो डोळ्यानं सरळ वाटतो, पण बहुतेकांचा उजवीकडे किंवा डावीकडे कलतो. दोऱ्याला नट बांधून ओळंबा कर आणि रोज तपास. पंधरा दिवसांत आपला कल कुठल्या बाजूला आहे ते कळतं, आणि मग हात आपोआप सावरतो.

लंबवर्तुळांवर सगळ्यात जास्त वेळ घालव. तोंडाचं वर्तुळ आपल्याला चपटं दिसतं, बुडाचं त्यापेक्षा गोल. कारण बूड डोळ्याच्या पातळीपासून जास्त खाली आहे. वर सांगितलेल्या अंतरावरून बघितलंस तर तोंडाची उंची त्याच्या रुंदीच्या साधारण पाव दिसेल. तांब्या सहा इंच उंच असेल तर बुडाचं हेच प्रमाण तिसऱ्या हिश्शाच्या थोडं वर जाईल. प्रत्यक्षात बूड मात्र सरळ रेघेनं काढलं जातं. तांब्या सपाट स्टुलावर टेकला आहे हे मनाला माहीत असतं, आणि दिसणाऱ्यापेक्षा माहीत असलेलं जोरावर असतं. तुझी गेल्या महिन्यातली चित्रं पाठवली आहेस ना, त्यात पाचपैकी चार तांब्यांचं बूड सपाट आहे. हात गेला असं तुला वाटतंय ते यामुळे. यावर उपाय असा: बुडाचं लंबवर्तुळ पूर्ण काढायचं, तांब्यातून आरपार दिसतंय असं समजून मागची बाजूसुद्धा. मागचा भाग नंतर पुसायचा. आणि दोन्ही टोकं गोल ठेव. ती भाल्यासारखी टोकदार झाली की धातू पत्र्यासारखा दिसतो.

रेघ मनगटातून मारू नकोस, खांद्यातून मार. बारा-तेरा वर्षं सह्या आणि आकडे लिहून तुझी पकड पेनाची झाली आहे, पेन्सिलीच्या टोकाजवळची. ती दोन-अडीच इंच मागे घे. पहिले आठ-दहा दिवस रेघ थरथरेल. थरथरू दे.

छाया सुरू करण्याआधी डोळे किलकिले करून तांब्याकडे बघ. उजेड, मधली छटा, गडद. एवढे तीनच भाग दिसले पाहिजेत. पितळ चकाकतं, त्यामुळे जिथे तिथे पांढरे ठिपके ठेवायचा मोह होतो. खरा उजळ ठिपका एकच असतो, बाकीचे त्याच्यापेक्षा एक-दोन पायऱ्या खाली. सावलीच्या बाजूला स्टुलावरून परतलेला उजेड दिसतो, तोसुद्धा उजेडाच्या बाजूच्या मधल्या छटेपेक्षा उजळ करायचा नाही. केलास, की गोलाई मोडते. एकाच बाजूचा दिवा लाव आणि ट्यूबलाइट बंद कर, नाहीतर दोन पडछाया पडतील आणि कुठली खरी धरायची ते कळणार नाही. आखणीला एचबी, छायेला 2बी, 4बी, 6बी. बोटानं चोळून छाया पसरवायची सवय असेल तर आजच सोड. बोटाचा तेलकटपणा कागदात जातो आणि त्या जागी पुन्हा पेन्सिल नीट बसत नाही.

हे सगळं मोबाईलवरच्या फोटोवरून करू नकोस. फोटोत मोजायचं काम लेन्सनं आधीच केलेलं असतं. उरते नक्कल, आणि ती तुला नववीतही येत होती.

सातव्या आठवड्यापासून पोस्टर रंग. प्रवेशपरीक्षेतलं संकल्पचित्र, म्हणजे आकार रचून केलेलं डिझाइन, सपाट रंगावर उभं असतं. रंग पातळ झाला की ब्रशचे पट्टे दिसतात, जाड झाला की वाळल्यावर तडकतो. दाट ताकापेक्षा घट्ट आणि दह्यापेक्षा सैल, असा रंग हवा. एका भागाला लागेल असं वाटतं त्याच्या दीडपट कालव. रंग अर्ध्यावर संपला की तीच छटा पुन्हा जमत नाही, कारण हा रंग वाळल्यावर बदलतो आणि ओल्या रंगाची तुलना वाळलेल्याशी होत नाही. आधी कडा, नंतर आतला भाग, आणि कड ओली असतानाच आत यायचं. दुसरा हात देताना पहिला पूर्ण वाळलेला असावा, नाहीतर खालचा रंग उखडून वर येतो. पावसाळ्यात हे वाळणं फार लांबतं. कोकणात असशील तर कागद प्लास्टिकच्या पिशवीत आडवे ठेव. दमट कागदावर खोडरबर फिरवलं की तंतू उठतात आणि रंग डागाडागांनी शोषला जातो.

स्मरणचित्रासाठी, म्हणजे आठवणीतून काढायच्या चित्रासाठी, वेगळी वही कर, खिशात मावेल अशी. स्टँडवर, बँकेतल्या रांगेत, मंडईत, एक माणूस एका मिनिटात. चेहरा सोडून दे. वजन कुठल्या पायावर आहे, खांद्याची रेघ कुठे कलते, पिशवी कुठल्या हातात आहे, एवढंच टिप. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेव: तू उभी राहून सपाट रस्त्यावरची गर्दी बघत असशील तर तुझ्या उंचीच्या सगळ्या उभ्या माणसांचे डोळे एकाच आडव्या रेषेवर येतात, ती जवळ असोत की लांब. लांबच्यांचे पाय तेवढे वर सरकतात. बहुतेक चित्रांत मागची माणसं लहान करून खाली बसवलेली असतात आणि सगळी गर्दी खड्ड्यात उभी असल्यासारखी दिसते.

अभ्यासक्रमाचं आता. तुला कुठली पदवी हवी यापेक्षा चार वर्षांनी काय करायचं आहे, यावरून ठरव. शाळेत चित्रकला शिकवायची असेल तर आर्ट टीचर डिप्लोमा दोन वर्षांत होतो, त्यासाठी बी.एफ.ए.ची चार वर्षं घालवू नकोस. जाहिरात, मांडणी, पुस्तकांचं काम हवं असेल तर उपयोजित कला. रंगचित्रच करायचं असेल तर रेखा व रंगकला. बी.एफ.ए. पूर्णवेळ असतं, दिवसभराचं. बँकेची नोकरी सांभाळून ते होत नाही, हे स्वतःला स्वच्छ सांग. हिशेब करताना फक्त फी धरू नकोस. चार वर्षांचा बुडालेला पगार धर आणि साहित्याचा खर्च वाढत जातो तोही धर. पहिल्या वर्षी कागद, पेन्सिली, पोस्टर रंग. पुढे तैलरंग आणि कॅनव्हास आले की तो खर्च कितीतरी वाढतो.

प्रवेशासाठी राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा असते. तीन प्रात्यक्षिकं, वस्तुचित्र, संकल्पचित्र आणि स्मरणचित्र, आणि सोबत सामान्यज्ञानाची वस्तुनिष्ठ चाचणी. म्हणजे वरचे सहा महिने तेच आहेत, वेगळी तयारी नाही. दरवर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाच, कुणाच्या मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नकोस. तुझ्या वयाच्या विद्यार्थ्यांची अडचण बहुधा कागदपत्रांत होते. बारावीनंतर इतकी वर्षं गेली, त्याचं गॅप सर्टिफिकेट लागतं, प्रतिज्ञापत्रावर. लग्नानंतर नाव बदललं असेल तर शाळा सोडल्याचा दाखला एका नावाचा, आधार दुसऱ्या, आणि पडताळणीच्या खिडकीवर अडकायला होतं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद आधीच काढून ठेव. अधिवास प्रमाणपत्रही. राखीव प्रवर्गातून अर्ज करणार असशील तर जातवैधता आणि नॉन-क्रीमीलेअरच्या तारखा आज बघ, अर्जाच्या आठवड्यात नको. आणि प्रवेश हातात पडेपर्यंत राजीनामा द्यायचा नाही.

वर्गात अठरा वर्षांची मुलं असतील. त्यांचा हात तुझ्यापेक्षा वेगानं चालेल. ती कदाचित तुला ताई म्हणतील, काही दिवस मॅडमही म्हणतील. त्याचं काही नाही. अडचण दुसरी आहे. तुझी नजर त्यांच्यापेक्षा खूप पुढे आहे. इतकी वर्षं तू प्रदर्शनं पाहिलीस, चांगलं काय ते तुला दिसतं, म्हणून स्वतःचं वाईट चित्र तुला जितकं टोचतं तितकं त्यांना टोचत नाही. पाचव्या-सहाव्या आठवड्यात हे टोचणं सगळ्यात जास्त असतं आणि परत शिकू लागलेले बरेचजण तिथेच सोडतात. म्हणून एकही चित्र फाडू नकोस. प्रत्येकाच्या मागे तारीख आणि लागलेली मिनिटं लिही. सहा आठवड्यांनी पहिलं आणि शेवटचं चित्र शेजारी ठेव आणि फक्त बुडाचं लंबवर्तुळ बघ, बाकी काही नाही. 'चांगलं झालं का' याचं उत्तर मिळत नाही, 'बूड गोल झालं का' याचं मिळतं.

पदवी नसली तर चित्रकार होताच येत नाही, असंही मानू नकोस. चित्रकार भूपेन खख्खर मुंबईत वाढलेले, चार्टर्ड अकाउंटंट झालेले. 1962 साली ते बडोद्याला गेले तेव्हा त्यांनी प्रवेश घेतला तो कलासमीक्षेच्या अभ्यासक्रमाला, रंगकलेच्या नव्हे. पुढे कितीतरी वर्षं ते अर्धवेळ हिशेबाचं काम करत राहिले आणि उरलेल्या वेळात रंगवत राहिले. सहा महिन्यांनी तुला वाटलं की नोकरी आणि रविवारचा वर्ग हीच आपली वाट, तर तो कमीपणा समजू नकोस. मात्र हे सहा महिने काम करून ठरव. खुर्चीत बसून नको.

मूळ चित्रंही बघत जा, दोन महिन्यांतून एकदा तरी. मुंबई लांब पडत असेल तर सातारा जिल्ह्यातलं औंधचं श्री भवानी संग्रहालय आहे. तिथे सगळी दालनं पळत बघू नकोस. एक चित्र निवड, त्याच्यासमोर अर्धा तास उभी राहा आणि उजेड कुठून येतो, सर्वांत गडद जागा कुठली, कडा कुठे विरघळल्या आहेत, एवढं वहीत शब्दांत लिही.

येत्या रविवारी तांब्या मांड. चिंचेनं घासून लख्ख करू नकोस, थोडा काळवंडलेला असू दे, छटा मोजायला सोपा जातो. पाव इम्पीरियल (साधारण 15 बाय 11 इंच) कागद, रेघेचं चित्र, चाळीस मिनिटं, छाया नाही. झाल्यावर कागद उलटा धरून बघ, मग आरशात बघ. कुठली बाजू जास्त फुगली आहे ते दिसेल. ते दुरुस्त करायचं नाही, फक्त बाणानं खूण करायची आणि चित्र मला तसंच पाठवायचं.

तुझा शुभचिंतक