जुन्या गाडीचा क्लच आवाज करतोय, आत्ता खोलायचा की थांबायचं?

यावेळी क्लचच्या आवाजाबद्दल बरेच प्रश्न आलेत, म्हणून ते एकत्रच घेतोय. सगळ्यांना आधी एक सांगतो, आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो कधी येतो ते बघा. पेडलला नुसता पाय लावल्यावर, पूर्ण दाबल्यावर, सोडताना, की पाय पेडलवर नसतानाच? मिस्त्रीला एवढं जरी नीट सांगता आलं तरी निम्मं काम झालं, आणि नको तो खर्च वाचतो.

प्रश्न (जुळे सोलापूर): माझी २००९ ची अल्टो आहे, १ लाख १० हजार किमी झालेत. गाडी न्यूट्रलला चालू असली की घर्रर असा आवाज येतो आणि क्लच दाबला की बंद होतो. गॅरेजवाले म्हणतात पूर्ण क्लच सेट टाका. टाकू का?

इतक्यात नको. तुम्ही जे सांगताय त्यावरून आवाज क्लचचा नसून गिअरबॉक्सचा असण्याची शक्यता जास्त वाटते. न्यूट्रलला पाय पेडलवर नसतो तेव्हा इंजिनबरोबर क्लच प्लेट फिरते आणि प्लेटबरोबर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट पण फिरतच असतो, गाडी उभी असली तरी. तुम्ही क्लच दाबला की प्लेट सुटते, शाफ्ट थांबतो, आणि त्या शाफ्टचं बेअरिंग घासलेलं असेल तर त्याचा आवाजही थांबतो.

पण खात्री करायला एक साधी गोष्ट घरीच करा. सकाळी लवकर, रस्त्यावर गाड्या नसताना, हँडब्रेक लावून गाडी न्यूट्रलला चालू ठेवा, एसी पंखा सगळं बंद, काच खाली. आता पेडल एकदम दाबू नका, हळूहळू दाबत जा आणि आवाज नेमका कुठं बदलतो ते ऐका. सुरुवातीचा ढिला भाग संपून पेडल जरासं जड लागतं तिथंच आवाज बदलला किंवा बंद झाला तर रिलीज बेअरिंगवर (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग) संशय घ्या, कारण तिथं ते बेअरिंग प्रेशर प्लेटला (क्लच प्लेट दाबून धरणारा भाग) नुसतं टेकलेलं असतं, क्लच सुटलेला नसतो. पेडल बरंच खाली गेल्यावर, म्हणजे क्लच खरंच सुटल्यावर आवाज थांबला तर तो गिअरबॉक्समधला. हा फरक दोन-तीन इंचाचा आहे पण खर्चात फार मोठा पडतो.

गिअरबॉक्सचा निघाला तर आधी त्याचं ऑइल बघायला सांगा. जुन्या गाड्यांचं इंजिन ऑइल लोक वेळेवर बदलतात, गिअरबॉक्स ऑइलकडं मात्र वर्षानुवर्षं कोणी बघत नाही. लेव्हल कमी असेल, काळं पडलं असेल तर कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचं भरा आणि काढलेलं ऑइल एका उथळ भांड्यात घेऊन उन्हात धरा. बारीक राखाडी पेस्ट ऑइल काढायच्या बोल्टच्या मॅग्नेटला चिकटलेली असते ती चालते, पण चमकणारे कण किंवा कपच्या दिसल्या तर आत काहीतरी झिजतंय, मग थांबू नका. कण नाहीत, गिअर नीट पडतात, चालत्या गाडीत आवाज वाढत नाही, तर लगेच घाबरायचं कारण नाही, दर महिन्याला कान देऊन ऐकत राहा. आणि पुढंमागं बेअरिंगसाठी गिअरबॉक्स खाली घेतलाच तर तेव्हा प्लेट बघा, १ लाख १० हजारावर ती झिजलेली निघाली तर त्याच मजुरीत सेट बदलून टाका.

प्रश्न (मोहोळ): भाऊ, माझा २०११ चा पिकअप आहे, कांदा घेऊन सोलापूरच्या मार्केट यार्डात येतो. क्लच दाबला की किर्रर आवाज यायलाय, सोडला की गप. कांद्याचा सीझन चालू आहे, दोन दिवस गाडी उभी करणं परवडत नाही. फेब्रुवारीपर्यंत ओढता येईल का?

तुमची अडचण कळते, पण हे स्पष्टच सांगतो, फेब्रुवारीपर्यंत टिकेल असं कोणीच खात्रीने सांगू शकत नाही. दाबल्यावर येणारा आणि सोडल्यावर थांबणारा आवाज बहुतेक वेळा रिलीज बेअरिंगचा असतो (काही गाड्यांत फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या मागच्या जड चाकाच्या, मधल्या पायलट बेअरिंगचा पण असतो, ते गिअरबॉक्स उतरवल्यावरच कळतं). आतलं ग्रीस वाळलं की बेअरिंग किरकिरायला लागतं. अशा अवस्थेत कधी गाडी काही महिने चालते, कधी आठवड्यात बसते, ते तुम्ही क्लच किती वेळा आणि किती वेळ दाबून धरता त्यावर आहे.

धोका बेअरिंग जाण्याचा नाही, ते जाताना काय घेऊन जातं त्याचा आहे. बेअरिंग जाम झालं की ते फिरायचं सोडून प्रेशर प्लेटच्या मधल्या पाकळ्यांवर घासतं. अशी प्रेशर प्लेट खोलल्यावर बघा, पाकळ्यांची टोकं निळसर-काळी पडलेली, त्यांच्यावर खोल गोल चर आणि एखादी पाकळी बाकीच्यांपेक्षा पातळ झालेली. बेअरिंग ज्या नळीवरून पुढंमागं सरकतं तिलाही खाचा पडतात. मग क्लच सुटत नाही, गिअर पडत नाही आणि भरलेली गाडी हायवेला उभी राहते. टोइंग, माल दुसऱ्या गाडीत भरायचा, लिलावाची वेळ गेली, हे सगळं दोन दिवसांच्या खाड्यापेक्षा महाग आहे.

म्हणून माझं मत, यार्ड बंद असेल असा दिवस बघा, त्याला एक दिवस जोडा आणि आत्ताच करून घ्या. पार्ट आधी आणून ठेवायला सांगा, गाडी खोलून मग पार्ट शोधत फिरण्यातच निम्मा वेळ जातो. तोपर्यंत सिग्नलला गिअरमध्ये क्लच दाबून थांबू नका, न्यूट्रल करा आणि पाय पेडलवरून काढून खाली ठेवा. चालवताना पाय पेडलवर टेकवून ठेवायची सवय असेल तर ती मोडा, नुसत्या पायाच्या वजनानेही बेअरिंग सतत दाबलं जातं. आणि किरकिरीचा घरघराट झाला, पेडलमध्ये पायाला थरथर जाणवली किंवा रिव्हर्स पडताना कर्रर व्हायला लागलं, तर पुढची फेरी मारू नका.

खोलल्यावर बरेच जण म्हणतात फक्त बेअरिंग टाका, बाकी ठीक आहे. एवढ्या जुन्या मालवाहू गाडीत मी ते करणार नाही. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग तिन्ही एकदम टाका, कारण मजुरीचा मोठा भाग गिअरबॉक्स उतरवण्या-चढवण्याचाच असतो आणि तो तुम्ही परत सहा महिन्यांनी द्यायचा नाही. त्याचवेळी क्रँकचा मागचा ऑइल सील, क्लचचा फोर्क (बेअरिंग ढकलणारा काटा) आणि फ्लायव्हीलचा चेहरा बघून घ्या, फ्लायव्हीलवर निळे डाग किंवा बारीक तडे असतील तर नवीन प्लेट त्यावर तशीच चढवू देऊ नका. अजून एक, नवीन बेअरिंग कोणी डिझेलमध्ये बुडवून धुवत असेल तर तिथंच थांबवा. त्याच्यात कंपनीने ग्रीस भरून सील केलेलं असतं, ते धुऊन गेलं की नवीन बेअरिंग पण महिन्यात ओरडायला लागतं.

प्रश्न (अक्कलकोट रोड एमआयडीसी): २०१२ ची स्प्लेंडर, न्यूट्रलला खडखड आवाज येतो, क्लच लिव्हर ओढली की कमी होतो. पिकअप बरोबर आहे. इंजिन खोलावं लागेल का?

पिकअप चांगलं आहे, क्लच स्लिप होत नाही, तर मी नाही खोलणार. बाईकचा क्लच ऑइलमध्ये फिरतो आणि त्याच्या मोठ्या बाहेरच्या ड्रममध्ये झटके झेलायला स्प्रिंग असतात, त्या वयाने ढिल्या झाल्या की आयडलला खडखडतात. आयडल फार कमी ठेवलेलं असेल तर आवाज जास्त येतो, ते जरा नीट करून बघा. लिव्हरच्या टोकाला १० ते २० मिमी ढिल आहे का बघा. आणि ऑइल बाईकचंच टाका, डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेलं असतं. कारचं ऑइल स्वस्तात मिळालं म्हणून टाकलं तर त्यातल्या निसरड्या केमिकलने क्लच स्लिप होऊ शकतो. आवाज वाढला किंवा ऑइल बदलताना त्यात धातूचे तुकडे निघाले तर मात्र साइड कव्हर उघडा.

प्रश्न (होटगी रोड): २००७ ची डिझेल इंडिका आहे, २०२२ ला पुन्हा पासिंग केलंय. तुळजापूर घाटात इंजिन ओरडतं पण गाडी पुढं जात नाही, जळका वास येतो, सुटताना गाडी थरथरते. या गाडीवर क्लचचा खर्च करावा का, की विकून टाकू?

आधी क्लचबद्दल. हे आवाजापेक्षा वेगळं आणि जास्त तातडीचं प्रकरण आहे, प्लेट स्लिप होतेय. सपाट मोकळ्या जागी, समोर कोणी नाही बघून, हँडब्रेक घट्ट ओढा, ब्रेकवर पाय ठेवा, चौथा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. क्लच चांगला असेल तर इंजिन लगेच बंद पडतं. बंद न पडता चालूच राहिलं तर प्लेट गेली. एकदाच करा, परत परत केलं तर उरलीसुरली प्लेट पण जळते. त्याआधी केबल किंवा पेडलला थोडी तरी ढिल आहे का बघा, अजिबातच ढिल नसेल तर क्लच पूर्ण बसत नाही आणि नुसत्या अॅडजस्टमेंटवर भागतं कधीकधी. सुटताना थरथरतं त्याला प्लेटवर ऑइल गळणं हे एक कारण, तुटलेलं इंजिन माउंटिंग हे दुसरं. माउंटिंग बाहेरूनच दिसतं, ते आधी बघा.

आता खर्चाचं. खासगी गाडीचं रजिस्ट्रेशन १५ वर्षांचं, नंतर दर वेळी ५ वर्षं वाढवून मिळतं, म्हणजे तुमचं २०२७ ला संपणार, आणि तेव्हा परत फी, पर्यावरण कर, फिटनेस सगळं आलं. म्हणून नुसता क्लचचा आकडा बघू नका. सकाळी थंड इंजिन एका सेल्फमध्ये चालू होतं का, धूर किती, ऑइल पितं का, खालचा पत्रा गंजलाय का, हे बघा. इंजिन आणि पत्रा चांगला असेल आणि २०२७ नंतरही गाडी ठेवायची असेल तर क्लच बिनधास्त करा, एवढ्या पैशात दुसरी भरवशाची गाडी मिळत नाही. इंजिन ऑइल पीत असेल आणि पत्राही खाल्लेला असेल तर क्लच करून विकू नका, आहे तशी दोष सांगून विका, गिऱ्हाईक क्लचचे पूर्ण पैसे तुम्हाला कधीच देणार नाही. पण स्लिप होणाऱ्या क्लचवर घरच्यांना घेऊन घाटात जाऊ नका, हे कळकळीने सांगतोय.

प्रश्न (मंगळवेढा): उसाच्या ट्रॉल्या ओढतो, ट्रॅक्टरचा डबल क्लच आवाज करतोय. कारखाना सुरू व्हायच्या आधी करू की नंतर?

आधी. ट्रॅक्टरचा क्लच बघायचा तर ट्रॅक्टर मधून वेगळा करावा लागतो, हंगामात ते काम अंगावर आलं तर ऊस फडात वाळतो. दोन्ही प्लेट बघा, गिअरची आणि पीटीओची (मागच्या अवजारांना ताकद देणाऱ्या शाफ्टची). बसवल्यावर सगळ्या फिंगर (बेअरिंग ज्यांच्यावर दाबतं ते काटे) एका लेव्हलला आहेत का ते मोजायला लावा, एक जरी वरखाली राहिली तर नवीन बेअरिंग तिरकं दाबलं जाऊन लवकर जातं.

प्रश्न (विजापूर रोड): अॅक्टिव्हा सुटताना घर्रर करते, पुढं नीट चालते. घरीच कव्हर काढून साफ करता येईल का?

तिच्यात लिव्हरचा क्लच नसतोच, वेग वाढला की आतले क्लच शू पसरून बेलला (त्यांच्याभोवतीच्या वाटीसारख्या ड्रमला) धरतात. शूवर धूळ आणि चकाकी आली की सुटताना घर्रर होतं, बहुतेक वेळा शू आणि बेल साफ करून हलका सँडपेपर मारला की भागतं. चकाकी परत परत येत असेल किंवा शूचं लायनिंग पातळ झालं असेल तर बदला. घरी कव्हर काढलंत तर आतली काळी धूळ फुंकून किंवा पंपाच्या हवेने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या आणि तोंडाला रुमाल बांधा. हे कारच्या क्लचला पण लागू, जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असायचा आणि ती धूळ छातीत गेली तर निघत नाही. गॅरेजमधल्या पोऱ्याला हवा मारताना बघितलंत तर त्यालाही सांगा.