भरवसा ठेवायचा म्हणजे नेमकं काय करायचं? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : फादर, गेलं वर्षभर मी नैराश्यावर गोळ्या घेते आहे. आता बरं वाटू लागलंय. पण आमच्या प्रार्थनागटातल्या एक ज्येष्ठ बाई म्हणाल्या, “खरी श्रद्धा असती तर गोळ्या लागल्याच नसत्या.” तेव्हापासून गोळी घेताना अपराधी वाटतं. मी देवावर अविश्वास दाखवते आहे का?

उत्तर : नाही. गोळ्या चालू ठेवा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही कमी करू नका. हे आधी सांगून टाकतो, बाकीचं उत्तर उद्या वाचलंत तरी चालेल.

कॅथोलिक बायबलमधल्या सिराक ग्रंथाचा ३८वा अध्याय काढा. वैद्याचा मान राख, कारण त्यालाही प्रभूनेच निर्माण केलं आहे, असं तिथे म्हटलंय. औषधं प्रभूने जमिनीतून दिली, शहाणा माणूस त्यांना तुच्छ लेखत नाही, हेही तिथेच आहे. पुढे आजारी माणसाला प्रार्थना करायला सांगितलंय आणि लगेच वैद्यालाही त्याची जागा द्यायला सांगितलंय. प्रार्थना की औषध, असा प्रश्नच त्या ग्रंथकर्त्याला पडलेला नाही. प्रभू येशू पापी लोकांबद्दल बोलतानाही “निरोग्यांना वैद्याची गरज नाही, तर दुखणाइतांना आहे” असंच म्हणाला. दुखणाइताने वैद्याकडे जायचं, हे त्याने गृहीतच धरलं होतं.

त्या बाईंचा हेतू चांगला असेल, पण त्यांचं म्हणणं मला धोक्याचं वाटतं. अरण्यातल्या उपासानंतर येशूची परीक्षा झाली, तेव्हा सैतानाने त्याला यरुशलेमच्या मंदिराच्या शिखरावर नेलं आणि स्तोत्रातलं वचन ऐकवून सांगितलं, उडी टाक, देवदूत तुला झेलतील. येशूने उडी टाकली नाही. देवाची परीक्षा पाहू नये, असं त्याने उत्तर दिलं. हाताशी असलेला उपाय नाकारायचा आणि देवाकडे चमत्काराचा हट्ट धरायचा, हे त्या उडीच्या फार जवळ जातं. श्रद्धावंत माणूस जे करण्यासारखं आहे ते करतो आणि जे हातात नाही ते देवावर सोपवतो. तुम्ही रोज गोळी घेता तेव्हा नेमकं हेच करता.

आणखी एक. रुग्णांच्या तैलाभ्यंगाचा संस्कार, म्हणजे धर्मगुरूंनी आजाऱ्याला पवित्र तेल लावून केलेली प्रार्थना, केवळ शेवटच्या घटकेसाठी आहे, ही समजूत अजून गेलेली नाही. १९७२ साली पोप सहावे पॉल यांनी या संस्काराचा विधी नव्याने लावून दिला, तेव्हापासून तो कोणत्याही गंभीर आजारात मागता येतो हे स्पष्ट आहे. मनाचा आजार गंभीर असेल तर तोही त्यात येतो. आपल्या धर्मगुरूंशी बोला. घरात फादर आले की रुग्ण घाबरेल म्हणून किती कुटुंबं त्यांना बोलवायचं पुढे ढकलतात, आणि रुग्ण शुद्धीवर असताना जो दिलासा मिळाला असता तो राहूनच जातो. मला याचं फार वाईट वाटतं.

प्रश्न : “ही प्रार्थना नऊ जणांना पाठवा, इच्छा पूर्ण होईल; साखळी तोडलीत तर संकट येईल” असा मेसेज आला आहे. पाठवू का?

उत्तर : पुसून टाका, बिनधास्त. अंतःकरणाचा भाग वगळून प्रार्थनेच्या बाह्य कृतीलाच सामर्थ्य आहे असं मानणं म्हणजे अंधश्रद्धा, हे कॅथोलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथात सरळ लिहिलं आहे. घाबरवून प्रार्थना करून घेणारा देव शुभवर्तमानातला नव्हे. येशू स्वर्गात गेल्यावर प्रेषित पवित्र मरियेबरोबर एकत्र प्रार्थना करत पवित्र आत्म्याची वाट पाहत राहिले. नोव्हेनाची, म्हणजे नऊ दिवसांच्या प्रार्थनेची, मुळं तिथे आहेत. त्यांनी वाट पाहिली, देवाला अटी घातल्या नाहीत.

प्रश्न : मी हिशेब विभागात आहे. साहेब अधूनमधून खोट्या बिलांवर सही करायला सांगतात. आतापर्यंत टाळत आलो, आता टाळता येणार नाही. घरात मी एकटाच कमावता. देव सांभाळील असं म्हणून राजीनामा देऊन टाकू का?

उत्तर : खोट्या बिलावर सही करू नका. यातून मधला मार्ग काढून देणं मला शक्य नाही. ते खोटं बोलणं आहे आणि चोरीला हात लावणं आहे. पण सही न करणं वेगळं आणि उद्या सकाळी राजीनामा टाकणं वेगळं.

संत थॉमस मोर यांचं उदाहरण घ्या. इंग्लंडच्या राजाचे ते चॅन्सेलर. राजा चर्चवर स्वतःची सत्ता आणू लागला, ते सदसद्विवेकाला पटेना तेव्हा त्यांनी १५३२ साली पद सोडलं, १५३४ मध्ये राजाच्या नव्या वारसाहक्काला मान्यता देणारी शपथ घ्यायचं नाकारलं आणि १५३५ मध्ये त्यांचा शिरच्छेद झाला. एवढं बहुतेकांना माहीत असतं. मधली वर्षं मात्र आपण विसरतो. मोर हाडाचे वकील होते. त्यांनी हौतात्म्याच्या दिशेने धाव घेतली नाही. कायद्याचं सगळं ज्ञान पणाला लावून, मौन पाळून, जीव वाचवण्याचा प्रत्येक प्रामाणिक मार्ग त्यांनी वापरून पाहिला. सगळे संपले तेव्हाच ते मरणाला सामोरे गेले. “सापांसारखे चतुर व कबुतरांसारखे निरुपद्रवी” व्हायला येशूने सांगितलं, ते असं.

तेव्हा साहेबांना शांतपणे सांगा, “मूळ कागद जोडलेत की लगेच सही करतो.” शक्यतो लेखी सांगा, प्रत स्वतःजवळ ठेवा. कायदा जाणणाऱ्या एखाद्या विश्वासू माणसाचा सल्ला घ्या. दुसरी नोकरी आजपासूनच शोधायला लागा. आणि हे सगळं पत्नीला सांगा. हा भार एकट्याने वाहायचा नाही. नुकसान होणारच नाही असा शब्द मी देऊ शकत नाही, देवानेही तो कुणाला दिलेला नाही. पण नोकरी गेलीच, तर ते ओझं तुमच्याबरोबर उचलणं हे तुमच्या चर्चमधल्या माणसांचं काम आहे. त्यांच्याकडे मदत मागायला लाजू नका.

प्रश्न : दर महिन्याला पापनिवेदनाला जाते आणि दर वेळी तेच सांगते : मुलांवर भडकले, नको ते बोलले. आता लाज वाटते. पुन्हा तेच होणार हे माहीत असताना पश्चात्ताप खरा कसा?

उत्तर : पुन्हा पडण्याची भीती वाटणं आणि पुन्हा पडायचं ठरवणं यांत फार अंतर आहे. ख्रिस्तसभा तुमच्याकडून मनापासूनचा निश्चय मागते, हमी मागत नाही. हमी येशूचा शिष्य पेत्र याने दिली होती. त्याच रात्री त्याने प्रभूला तीनदा नाकारलं. निवडून मात्र त्यालाच घेतलं. पोप फ्रान्सिस निवडून आल्यावर लगेचच, १७ मार्च २०१३ रोजी म्हणाले होते की देव क्षमा करताना कधी थकत नाही, क्षमा मागताना आपणच थकतो.

आणि फादरांना काय वाटेल याची काळजी सोडा. तिथे ऐकलेलं बाहेर काढणाऱ्या धर्मगुरूला धर्मबहिष्काराची शिक्षा आहे, हे तुम्हाला माहीत असेलच. पण तेच पाप घेऊन पुन्हा पुन्हा येणारा माणूस पाहिला की आम्हाला कंटाळा येत नाही. त्याने हार मानलेली नाही, हे आम्हाला दिसतं.

आता थोडं व्यवहाराचं. संत इग्नाशियस यांनी दिवसअखेरीच्या आत्मपरीक्षणावर फार भर दिला. झोपण्यापूर्वी दिवस आठवा : आधी उपकार, मग चुका. तुमचा तोल नेमका कधी जातो ते बघा. बहुधा एक ठरावीक वेळ सापडेल, आणि बहुधा त्या वेळी तुम्ही दमून गेलेल्या असाल. दमणं हे पाप नव्हे. त्या तासाला पतीने मुलांकडे बघावं, असं त्यांना स्पष्ट सांगा. मुलांना बोललात तर मुलांचीही माफी मागा.

प्रश्न : मोठ्या मुलाने मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला जाणं, सोडलं. “मी आता मानत नाही” म्हणतो. मी रोज त्याच्यासाठी रोझरीची जपमाळ म्हणते, फोनवर रोज “मिस्सेला गेलास का?” विचारते, आणि रोज भांडण होतं. माझ्या प्रार्थनेला अर्थ आहे का?

उत्तर : संत मोनिका आणि तिचा मुलगा संत ऑगस्टिन यांची कथा तुम्हाला माहीत असणार, पण तिच्यातला एक प्रसंग पुन्हा वाचा. ऑगस्टिन आफ्रिका सोडून रोमला निघाला. त्याने जाऊ नये म्हणून आईने त्याला घट्ट धरलं, तेव्हा त्याने खोटं सांगून तिला मागे ठेवलं. संत सिप्रियन यांच्या स्मारक-मंदिरात तिने रात्रभर रडून प्रार्थना केली, त्याला जाऊ देऊ नकोस म्हणून. त्याच रात्री तो जहाजाने निघून गेला. पण इटलीला गेला म्हणूनच मिलानमध्ये त्याला बिशप आंब्रोज भेटले, आणि ३८७ साली ईस्टरला त्यांच्याच हातून त्याचा बाप्तिस्मा झाला. देवाने तिचं त्या रात्रीचं मागणं नाकारलं आणि ती वर्षानुवर्षं मागत होती ते दिलं, असं पुढे ऑगस्टिननेच लिहिलं.

त्याच्याही आधी मोनिकाने एका बिशपना विनवलं होतं, माझ्या मुलाशी वाद घालून त्याला पटवा. त्यांनी नकार दिला. तो अजून ऐकणार नाही, त्याला असू दे, फक्त प्रार्थना कर, असं सांगून ते म्हणाले की इतक्या आसवांचा मुलगा वाया जाणं शक्य नाही.

तुमचा मुलगा कधी परतेल हे मी सांगू शकत नाही. रोझरी सोडू नका. पण फोनवरचा तो रोजचा प्रश्न बंद करा. त्याला आता त्यात पाळत ऐकू येते, माया ऐकू येत नाही. त्याऐवजी एकदा विचारा की नक्की काय मानवेनासं झालं, आणि तो बोलेल ते मध्ये न तोडता ऐका. कदाचित चर्चमधल्या कुणीतरी त्याला दुखावलं असेल. तसं असेल तर आधी त्याची बाजू घ्या. आणि कधी त्यानेच तुम्हाला विचारलं, “तू का जातेस?”, तर धर्मशिक्षणाच्या पुस्तकातलं उत्तर देऊ नका, तुमचं स्वतःचं द्या.