सिगारेट सोडली की माझं डोकं फिरतं

"सोडायला मी तयार आहे हो, पण सोडली की मी माणसात राहत नाही. मागच्या वेळी तिसऱ्या दिवशी बायकोच म्हणाली, तुम्ही ओढा एकदाची, पण मुलांवर ओरडू नका."

सिगारेट सोडण्यासाठी माझ्याकडे समुपदेशनाला आलेले चाळिशीतले एक गृहस्थ सांगत होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सिगारेटच आपला ताण सांभाळते, याची त्यांना खात्री होती. ही भीती अनेकांना असते आणि चिडचिड खरीच होते, तिला नाटक म्हणणं अन्यायाचं आहे. पण ती येते कुठून? निकोटिन, म्हणजे तंबाखूतला सवय लावणारा घटक, झुरका घेतल्यावर काही सेकंदांत मेंदूत पोहोचतं आणि साधारण दोन तासांत रक्तात निम्मं उरतं. अस्वस्थता वाढते, पुढची सिगारेट ती शमवते. आधीच्या सिगारेटने लावलेली बेचैनी जाते आणि आपल्याला वाटतं, ताण गेला.

त्यांना हे पटलं ते वहीमुळे. प्रत्येक सिगारेटची वेळ आणि त्याआधी काय घडलं, एवढंच लिहायला सांगितलं होतं. दिवसातली सगळ्यात हवीहवीशी सिगारेट निघाली उठल्या उठल्याची, जेव्हा कसलाच ताण नसायचा.

उठल्यापासून अर्ध्या तासात ओढावी लागत असेल, तर शरीर निकोटिनवर बरंच अवलंबून असतं. तिथे नुसत्या निर्धारावर सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. डॉक्टरांनी त्यांना ४ मिलिग्रॅमचं निकोटिन च्युइंगगम दिलं. आधी एकदा त्यांनी ते साध्या च्युइंगगमसारखं चघळलं होतं, घसा जळजळला, उचक्या लागल्या, म्हणून टाकून दिलं. ते हळू चावायचं, झणझणीत लागलं की गालात धरून ठेवायचं, चव ओसरली की पुन्हा चावायचं. आधी पाव तास कॉफीही नको.

कॉफीचं आणखी एक. धुरामुळे शरीर कॅफिन लवकर संपवतं. सिगारेट थांबली की तेवढ्याच कपांनी रक्तातलं कॅफिन वाढतं, धडधडतं, झोप उडते. त्यांनी कप निम्मे केले.

पुढच्या वेळी पत्नीलाही बोलावलं. त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो आणि दोन ते चार आठवड्यांत बहुतेक ओसरतो, हे ऐकून त्या म्हणाल्या, "मला वाटलं, हे आता असेच राहणार." तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ ते न बोलता बाहेर फिरून येतील आणि कोणी कारण विचारणार नाही, असं दोघांनी ठरवलं.

तिसऱ्या आठवड्यात साहेबांशी वाद झाला, सहकाऱ्याने पाकीट पुढे केलं आणि त्यांनी एक ओढली. "संपलं सगळं," म्हणत आले. एक ओढली म्हणजे एकच ओढली. च्युइंगगम त्याच दिवशी पुढे चालू ठेवलं आणि "नको, मी सोडलीय" हे वाक्य मोठ्याने म्हणायचा आम्ही सराव केला. त्यानंतर ते टिकले.

पूर्वी नैराश्याचा त्रास झाला असेल किंवा मानसिक आजाराची औषधं चालू असतील, तर सोडण्याची तारीख ठरवण्याआधी डॉक्टरांना सांगा. सिगारेट थांबल्यावर काही औषधांचा डोस बदलावा लागतो.