ग्लुकोमीटरच्या नोंदी ॲपवर ठेवून मधुमेहाचे औषध स्वतः ठरवता येते का?

आईच्या साखरेच्या नोंदी आपण नियमितपणे ॲपवर ठेवता, पण डॉक्टर तो आलेख पाहत नाहीत, म्हणून इंटरनेटवर वाचून गोळीचे प्रमाण आपणच ठरवावे का, असे आपण विचारले आहे. प्रमाण ठरवू नये. नोंदी मात्र चालू ठेवाव्यात. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन परस्पर वाढवल्यास रक्तातील साखर ७० मिलिग्रॅमच्या (प्रति डेसिलिटर) खाली जाऊ शकते आणि उतारवयात अशी घसरण जास्त साखरेपेक्षा लवकर जिवावर बेतू शकते.

मी स्वतः मधुमेहाचा रुग्ण आहे आणि माझ्या मते खरी अडचण नोंदीच्या पद्धतीत असते. ‘१६८’ या नुसत्या आकड्यावरून कोणताही डॉक्टर काही ठरवू शकत नाही; ‘१६८, उपाशीपोटी; रात्री अकराला जेवण, गोळी राहिली’ असे लिहिले, तर गोळी वाढवायची की जेवणाची वेळ बदलायची हे त्यांना ठरवता येते. रोज सकाळीच मोजण्यापेक्षा काही दिवस जेवणाआधी आणि त्याच जेवणानंतर दोन तासांनी मोजावे. त्या जोडीवरून भाकरीने किती साखर वाढली आणि साबुदाण्याच्या खिचडीने किती, हे घरच्या घरी कळते. (उपवासाच्या दिवशी हा प्रयोग जरूर करावा.) ॲप दाखवते ते अंदाजे एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर सांगणारा आकडा) आपण भरलेल्या आकड्यांवरूनच काढलेले असते, आकडे फक्त उपाशीपोटीचे असतील, तर जेवणानंतरची वाढ त्यात येतच नाही.

मोजण्यापूर्वी हात साबणाने धुऊन कोरडे करावेत, कारण आंबा चिरलेल्या बोटावर राहिलेल्या रसानेही आकडा बराच फुगतो. पट्ट्यांच्या डबीचे झाकण लगेच लावावे. पावसाळी दमट हवेत त्या खराब होतात. ब्रिटनमधील संकेतस्थळांवर साखर मिलिमोलमध्ये दिलेली असते, तिला १८ने गुणले की आपल्याकडील मिलिग्रॅमचा आकडा मिळतो. तिथले ७ म्हणजे आपले १२६.

पुढच्या भेटीला आलेख न नेता शेवटच्या दोन आठवड्यांचे एक पान छापून न्यावे, त्यातील ७०च्या खालचे आणि २५०च्या वरचे आकडे अधोरेखित करावेत आणि साखर किती खाली किंवा वर गेल्यास फोन करायचा, हे डॉक्टरांकडून त्याच पानावर लिहून घ्यावे.