दापोलीची वनविद्या पदवी: हिशेब सहा वर्षांचा मांडा

पाटण तालुक्यातल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. मुलगी बारावी सायन्स झाली. सीईटीत बेताचे गुण आहेत, पण दापोलीच्या वनविद्या महाविद्यालयात बी.एस्सी. (ऑनर्स) फॉरेस्ट्रीला जागा मिळते आहे आणि तिला तिथेच जायचंय. नातेवाईक म्हणतात, पुण्यात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर इंजिनिअरिंग घ्या. त्याची फी वर्षाला 2 लाख, त्यासाठी 20 गुंठे विकायचा विचार चालू आहे. घरचं उत्पन्न 7 लाखांच्या आसपास, प्रवर्ग ओबीसी. महिन्याला 14-15 हजार शिल्लक पडतात. एफडी 3 लाखांची आणि मुलीच्या सुकन्या खात्यात 5 लाख 60 हजार.

दादा, जमीन विकू नका. कारण सांगतो.

राज्य सरकारच्या जुलै 2024 च्या निर्णयानुसार 8 लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतूनच, झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्याच्या जागेला ही माफी लागू नाही. म्हणजे दापोलीत जी फी सरकार भरणार, तीच पुण्यात तुम्ही शेत विकून भरणार. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमी लेयर आणि जातपडताळणी ही कागदपत्रं आजच मार्गी लावा, प्रवेशाच्या दिवसांत सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते. महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्ती पोर्टलवरचा अर्ज दरवर्षी नव्याने तपासा. तुम्ही अल्पभूधारक असाल तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्त्यात बसता का, तेही तिथेच बघा.

आता आकडे मांडू. दापोलीत वसतिगृह, मेस, येणं-जाणं मिळून महिना 7 हजार धरले तर चार वर्षांचे 3 लाख 36 हजार होतात. पुण्यात नुसती फी 8 लाख, त्यावर राहण्या-जेवणाचे महिना 10 हजार धरले तर आणखी 4 लाख 80 हजार. एकूण 12 लाख 80 हजार.

पण दापोलीचा हिशेब चार वर्षांवर थांबवू नका. इथेच बहुतेक पालक फसतात. ही पदवी स्वस्त आहे, तिच्या नंतरची थांबण्याची वर्षं महाग आहेत. मुलगी एमपीएससीच्या महाराष्ट्र वनसेवेची तयारी करणार असेल, तर सहायक वनसंरक्षक आणि वनक्षेत्रपाल या पदांच्या जागा कधी भरपूर निघतात, कधी अगदी मोजक्या. शिवाय वनविद्येच्या मुलांसाठी ती राखीव नाहीत. वनस्पतिशास्त्र, कृषी, इंजिनिअरिंगवालेही त्याच रांगेत असतात. पुण्यात खोली, मेस, अभ्यासिका, क्लास मिळून महिना 12 हजार धरले तर दोन वर्षांचे 2 लाख 88 हजार लागतील. तरीही सहा वर्षांची बेरीज 6 लाख 24 हजार होते, म्हणजे पुण्याच्या चार वर्षांच्या निम्म्याहून कमी.

हे पैसे आजपासूनच बाजूला टाका. महिना 7 हजार मुलीला पाठवून उरलेल्यातून 5 हजारांची आरडी चार वर्षं चालवा. व्याजासकट अडीच लाखांच्या वर जमतील, आणि पदवी हातात येईल तेव्हा तिला मिळेल ती नोकरी धरावी लागणार नाही. मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही आरडी.

सुकन्या खात्याला हात लावू नका. अठरा पूर्ण झाल्यावर किंवा दहावीनंतर मागच्या आर्थिक वर्षाअखेरच्या शिल्लकीच्या निम्मे, म्हणजे तुमच्या बाबतीत सुमारे 2 लाख 80 हजार, शिक्षणासाठी काढता येतात, पण तेही संस्थेच्या फीच्या पावतीवर दिसणाऱ्या रकमेपुरतेच. फीच माफ असेल तर 8.2 टक्क्यांचं करमुक्त व्याज कशाला मोडायचं? एफडी घरच्या दुखण्याखुपण्यासाठी राहू द्या.

वनसेवेवरच सगळं सोडू नये असं मला मनापासून वाटतं. सरकारी बँकांची भरती करणाऱ्या आयबीपीएसच्या कृषी क्षेत्र अधिकारी पदाला फॉरेस्ट्रीची चार वर्षांची पदवी चालते, हे पुष्कळ घरांना ठाऊकच नसतं. पाणलोट विकासाच्या संस्था, पर्यावरण सल्लागार कंपन्या, रोपवाटिका, बांबू यांतही कामं आहेत, पण सुरुवातीचा पगार आयटीइतका नसतो, हे मुलीला स्पष्ट सांगा. जीआयएस, म्हणजे संगणकावर नकाशे आणि जमिनीची माहिती हाताळण्याचं तंत्र, तिने दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच नीट शिकून घ्यावं. एम.एस्सी. करायची असेल तर आयसीएआरच्या (भारतीय कृषी संशोधन परिषद) प्रवेश परीक्षेत वरचा क्रमांक आल्यास शिष्यवृत्ती मिळते.

प्रवेश पक्का करण्याआधी एक काम करा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तिची दृष्टी आणि रंगांधता तपासून घ्या. यूपीएससीच्या भारतीय वनसेवेत महिलांना उंची किमान 150 सेंटीमीटर लागते (काही समाजगटांना सवलत आहे) आणि चार तासांत 14 किलोमीटर चालावं लागतं. राज्याच्या वनसेवेचेही शारीरिक निकष आहेत. त्यांत ती बसत नसेल तर आत्ताच कळलेलं बरं. मग तयारीचा पैसा एम.एस्सी. किंवा बँकेच्या परीक्षेकडे वळवता येईल.

पुण्याच्या कॉलेजला ‘बुकिंग’ म्हणून दिलेले 25 हजार परत मिळतील का, असंही तुम्ही विचारलंय. पावती असेल तर लेखी अर्ज लगेच करा. एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक संस्थेच्या नियमाप्रमाणे ठरलेल्या मुदतीआधी प्रवेश रद्द केला तर प्रक्रिया शुल्क म्हणून जास्तीत जास्त 1 हजार रुपये कापता येतात. पावती नसेल तर ती आधी मागा. आणि नाहीच मिळाले, तरी त्या 25 हजारांपायी 20 गुंठे घालवू नका.